न चिकटणारं सिमेंट

दाढेला कॅप बसवून घ्यायला आलेल्या माणसाला एकच काळजी असते: पुन्हा निघणार नाही ना? डॉक्टरांच्या डोक्यात त्याच वेळी उलटा हिशोब चालू असतो. पुढेमागे ही कॅप काढायची वेळ आलीच, तर ती धड निघेल का? कुठलं सिमेंट कालवायचं ते या दोन काळज्यांच्या मधे कुठेतरी ठरतं.

आपली भाबडी समजूत अशी, की सिमेंट म्हणजे चिकटवायचा पदार्थ. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जगभरच्या कॅपा सांभाळत आलेलं झिंक फॉस्फेट दाताला मुळी चिकटतच नाही. झिंक ऑक्साइडची पूड आणि फॉस्फरिक आम्लाचं पाणी एकत्र केलं, की ते दात आणि कॅप यांच्यामधल्या बारीक खाचाखोचांत शिरतं, टणक होतं आणि अडकून बसतं. एवढाच त्याचा पराक्रम. खरी पकड असते ती दात तासणाऱ्या हाताची. तासलेल्या दाताच्या भिंती पुरेशा उंच आणि जवळजवळ समांतर असल्या, तर कॅप सहसा हलत नाही. दात बुटका आणि वर निमुळता झाला असेल, तर भारी सिमेंटही कुठवर पुरं पडणार? तरी कॅप निघाली की बोल लागतो तो सिमेंटला.

ते कालवणंही नजाकतीचं काम. थंड केलेली जाड काच घ्यायची, पूड चिमूट चिमूट मिसळायची आणि मिश्रण काचभर पसरवत घोटायचं, कारण ते घोटताना तापतं आणि तापलं की घाईने आळतं. पातं वर उचललं की तार निघाली पाहिजे. लाडवांचा पाक ज्यांना साधतो, त्यांना हे वेगळं शिकवायला नको. आणि एवढ्या खटाटोपाचा थर किती, तर २५ मायक्रॉनच्या आत, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ! जाड झाला तर कॅप पुरती खाली बसत नाही आणि प्रत्येक घासाला तीच आधी आपटते.

दाताशी खरोखर रासायनिक नातं जोडणारं सिमेंट १९६८ साली मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ यांनी आणलं. पाठोपाठ लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट यांनी काचेच्या भुकटीपासून ग्लास आयनोमर घडवलं. सरकारी जागेतून काही चिकट बाहेर पडावं यात नवल नाही. ते लोकांच्या उपयोगी पडलं, याचं आहे. वर ते थोडं थोडं फ्लोराइडही सोडत राहतं. धातूच्या साध्या कॅपला ते पुरतं, आणि मला तरी त्याचं हे निमूट वागणं आवडतं.

रेझिन सिमेंट हे मात्र जावईबापूंच्या थाटाचं. दात आम्लाने खरवडा, धुवा, बाँडिंग लावा, निळा प्रकाश पाडा. पातळ सिरॅमिकमधून प्रकाश आत पोचतो, धातूतून पोचत नाही. तिथे आपणहून आळणारं रेझिन हवं. झिर्कोनियाचा हट्ट आणखी निराळा. काचेसारख्या सिरॅमिकला कोरणारं आम्ल त्याच्यापुढे हात टेकतं, म्हणून आधी बारीक कणांचा मारा आणि मग खास प्रायमर. इतकं करून बसवलेली कॅप काढायची झाली, तर बहुधा कापूनच काढावी लागते.

कच्च्या कॅपचं सिमेंट अगदी दुसऱ्या टोकाचं: ते सुटायलाच हवं. त्यातल्या जुन्या प्रकारात लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं. आजीने दुखऱ्या दाढेत धरायला दिलेली लवंगच ती, फक्त पदवी घेऊन आलेली. त्याच्या भरवशावर चिक्की चावू नये. गंमत म्हणजे या लवंगेचं आणि रेझिनचं पटत नाही. युजेनॉल मागे राहिलं तर रेझिन नीट आळत नाही. म्हणून पक्की कॅप रेझिनने बसवायची असेल, तर कच्चीसाठीही लवंगेविना सिमेंट निवडलेलं बरं.

एवढं सगळं वाचून मी खुर्चीत बसलो आणि आपल्याला कुठलं सिमेंट हवं, ते डॉक्टरीणबाईंना सविस्तर सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, गालात कापसाची गुंडाळी सरकवली आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही म्हणता तेच लावू. पण त्याला दात कोरडा लागतो आणि तुम्ही बोलायचे थांबत नाही. मग ग्लास आयनोमर कालवायला सांगू का?"