बाजारात तुरी, हौद्यात स्टेपनी

माझा भाचा पुण्यात राहतो आणि चिखलाच्या शोधात असतो. शनिवारी पहाटे चारला उठायचं, चार-पाच गाड्यांचा ताफा करायचा, डिझेल जाळत मावळात कुठंतरी जायचं आणि मनासारखा चिखल सापडला की त्यात गाडी घालायची. मग सगळ्यांनी मिळून ती बाहेर काढायची. याला ऑफ-रोडिंग म्हणतात. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या हदगावच्या माणसाला हे सांगितलं तर तो आधी कपाळाला हात लावून तुम्हाला ताप आहे का ते बघतो. आमच्याकडं चिखल घरपोच मिळतो. जूनमध्ये येतो, दिवाळीपर्यंत मुक्काम करतो आणि जाताना चपलेचा अंगठा सोबत घेऊन जातो.

तर हा भाचा ऑगस्टपासून तापलेला आहे. कारण एक ट्रक. ट्रक त्याच्या दारात नाही, शोरूममध्ये नाही, कारखान्यातही नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला महिंद्रानं मुंबईत गाड्यांचे चार नमुने दाखवले. व्हिजन एक्स, व्हिजन टी, व्हिजन एस आणि व्हिजन एसएक्सटी. नावं शाळेच्या तुकड्यांसारखी, पण शेवटच्या तुकडीत एक दांडगं पोरगं बसलंय. पुढं जुन्या जीपच्या वळणाचं चौकोनी तोंड, बॉनेटला बाहेरून दिसणाऱ्या पकडी, उघड्या बिजागऱ्या आणि मागं मोकळा हौदा. याला म्हणायचं ‘कन्सेप्ट’. या नमुन्यांच्या पायावरच्या गाड्या २०२७ पासून येतील, असं कंपनी सांगते. त्यातला ट्रक येईल का, आला तर असाच येईल का, हे पुढचं पुढं.

पण भांडण आत्ताच सुरू झालंय. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. आमच्या तालुक्यात निदान तुरी तरी खऱ्या असतात.

भाच्याच्या मंडळात सरळ दोन तट पडलेत. पहिला तट आठवणवाल्यांचा. हे फोटो बघूनच गहिवरले. म्हणे, अगदी आजोबांच्या जीपची आठवण झाली. मी भाच्याला विचारलं, तुझ्या आजोबांकडं जीप कधी होती रे? तुझे आजोबा म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडं एक सायकल होती, तीही पतपेढीत गहाण. पण रेट्रोचं असंच असतं. आजोबांना नवं परवडत नव्हतं म्हणून ते जुनं वापरायचे. नातवाला परवडतं म्हणून तो नवंच घेतो, जुन्यासारखं दिसणारं.

दुसरा तट शिडीवाल्यांचा. यांचा राग खोल आहे. त्यांचं म्हणणं, चेहरा दिला जीपचा, पण खाली शिडीच नाही! हे प्रकरण समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, बैलगाडी पाहिलेली असली की पुरे. बैलगाडीला खाली दांड्यांचा सांगाडा असतो आणि त्यावर साटी बसवलेली असते. साटी मोडली तर बदला, गाडी चालते. थार, स्कॉर्पिओ, बोलेरो पिकअप ही सगळी त्याच घराण्यातली. यांच्या पोटाखाली लोखंडी शिडी असते, तिला लॅडर फ्रेम म्हणतात. नवा नमुना मात्र मोनोकॉकचा, म्हणजे रांजणासारखा. वेगळा सांगाडा नाही, अंगच सांगाडा. वजनाला हलका, रस्त्यावर गुळगुळीत, वळणावर शहाणा. पण एक चाक खड्ड्यात आणि दुसरं धोंड्यावर गेलं की सगळा पीळ त्याच्या अंगावर येतो. म्हणून शिडीवाले ओरडतात की हा दगडात जायचा ट्रक नाही, मॉलच्या तळघरात जायचा आहे.

मला दोन्ही तटांचं पटतं. म्हणून मी तिसऱ्याकडं गेलो.

तिसरा म्हणजे आमचे बापू. बापूंकडं कमांडर जीप आहे, काळी-पिवळी. तिचं वय बापू सांगत नाहीत आणि आरटीओला विचारायची आमची इच्छा नाही. हदगाव-तामसा रस्त्यावर तिनं इतकी माणसं वाहिली आहेत की तिच्या टपावर बसून शाळेत गेलेली पोरं आता सासरे झालीत. मी बापूंना मोबाइलवर एसएक्सटीचा फोटो दाखवला. बापूंनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला आणि थेट हौद्याकडं गेले. चेहऱ्याकडं बघितलंही नाही. हौद्यात कंपनीनं दोन स्टेपन्या ठेवल्या आहेत. मोठ्या, मस्त, रुबाबात उभ्या केलेल्या.

बापू म्हणाले, “दोन स्टेपन्या कामून?”

मी म्हणालो, “दिसायला बरं.”

“मंग सोयाबीनचे कट्टे कुठं टाकायचे?”

या प्रश्नाला भाच्याच्या मंडळात अजून उत्तर मिळालेलं नाही, कारण तो कुणी विचारलेलाच नाही. शिडीवर दीड-दोन तास वाद, इंजिनवर तासभर, चाकाच्या खाचांवर अर्धा तास. ट्रक मात्र कशासाठी असतो यावर एक मिनिटही नाही. आमच्याकडं पिकअप म्हणजे कापूस, केळी, हळद, मोंढ्याला जाणारे कट्टे, लग्नाचं वऱ्हाड, दहनाला नेलेली लाकडं आणि निवडणुकीत माणसं. एकाच गाडीत, एकाच आठवड्यात. बापूंनी निकाल दिला. “दोन स्टेपन्या ठेवल्या म्हंजे कंपनीला आपला रस्ता माहीत हाय. अन् माल टाकायला जागा नाही ठेवली म्हंजे सोयाबीनचा भाव बी माहीत हाय.”

आता थोडा इतिहास, कारण आठवणवाल्यांना तो फार आवडतो, अर्धा असेल तर. ही कंपनी १९४५ साली निघाली तेव्हा तिचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. इकडं पाटीवर १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा आलं. हेच गुलाम मोहम्मद त्याआधी निजामाच्या सरकारातही अर्थमंत्री होते. म्हणजे आमचं हदगाव ज्या हैदराबाद संस्थानात होतं, तिथल्या तिजोरीच्या किल्ल्या सांभाळलेल्या गृहस्थाचं नाव या जीपच्या घराण्यात आहे. इतका जुना संबंध असून आमच्या वाट्याला काय आलं? टपावरची जागा.

१९४७ पासून मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग जोडायला सुरुवात झाली. ती जीप लढाईसाठी जन्मलेली. तिचं चौकोनी तोंड रेट्रो नव्हतं. सपाट पत्रा वाकवायला सोपा आणि ठोकायला त्याहून सोपा, म्हणून ते चौकोनी. बॉनेटच्या पकडी बाहेर होत्या, कारण लढाईत कुणी दार उघडून, आत वाकून, कुठली तरी तार ओढत बसत नाही. गरजेतून आलेला चेहरा पुढं ऐट झाला, आणि ऐटीचे पुढं खटलेही झाले. २०१८ मध्ये महिंद्रानं अमेरिकेत रॉक्सर नावाची जीप काढली, तेव्हा जीपच्या तिथल्या मालकांनी आमचं तोंड चोरलं म्हणून दावा लावला. २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला आणि रॉक्सरला नाक-तोंड बदलून घ्यावं लागलं. आठवणी काढायलाही सातबारा लागतो, हे आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना आधीच माहीत होतं.

कंपनीला मुहूर्त आवडतो तो १५ ऑगस्टचा. नवी थार दाखवली २०२० च्या १५ ऑगस्टला. २०२३ ला त्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला जाऊन एक कन्सेप्ट पिकअप आणि विजेवरची थार दाखवली. २०२४ ला थार रॉक्स, २०२५ ला हे चार नमुने. चांगलं आहे. पण आमच्या भागाला स्वातंत्र्य मिळालं १७ सप्टेंबर १९४८ ला, तेरा महिने उशिरा. गाड्यांचंही तसंच. शहरात गाडीची उमेद संपली की आमच्याकडं तिची नोकरी सुरू होते. शहरवाले तिला विसरतात, मग वीस वर्षांनी त्यांना तिची आठवण येते, मग ते तिचा नमुना करतात. आम्हाला आठवण येत नाही. ती समोरच उभी असते, अजून दोन शिटं भरायची थांबलेली.

२०२५ च्या मुहूर्तानंतर तीनच दिवसांनी, १८ ऑगस्टला, आमच्याच जिल्ह्यात मुखेड तालुक्यात रातोरात पाण्यानं गावं वेढली. माणसं गेली, जनावरं गेली, लष्कराला बोलवावं लागलं. त्यानंतर गाडीच्या जाहिरातीत चाकाखालून पाणी उडताना पाहिलं की हात आपोआप ती पुढं सरकवायला जातो.

असो. भाचा दिवाळीला गाडी घेऊन आला. उंच चाकं, छतावर दिव्यांची माळ, पुढं दोर ओढायचं चक्र, मागं कुदळ-फावडं. आमच्या सालगड्यानं एवढी अवजारं एकत्र कधी पाहिली नव्हती. ही गाडी चारही चाकांनी ओढते का, असं मी विचारलं, तर भाचा जरा गप्प झाला. मागच्याच दोन चाकांनी ओढणारी आहे. म्हणजे ऑफ-रोडची गाडी, रोडवरची चाकं. यात त्याचा एकट्याचा दोष नाही. थारसुद्धा जानेवारी २०२३ पासून मागच्या चाकांवर मिळू लागली, ९ लाख ९९ हजारांपासून, आणि लोकांनी ती हौसेनं घेतली. आपल्या देशात डोंगर चढणारे थोडे, डोंगर चढेल असं दिसणाऱ्या गाडीत बसणारे फार. इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड शिकवणारी अकादमीही आहे. फी भरून चिखलातून गाडी कशी काढायची ते शिकवतात. भाच्याचा तिथला कोर्स झालेला आहे.

तर कोर्स झालेल्या भाच्याला म्हणालो, चल, शेतात जाऊ. हरभरा पेरायचाय, बघून येऊ. तो म्हणाला, “मामा, रस्ता कसा आहे?”

मी त्याच्या गाडीकडं पाहिलं, कुदळ-फावड्याकडं पाहिलं, दिव्यांच्या माळेकडं पाहिलं. म्हणालो, “रस्ता नाही.”

“मग नको. दोन्ही बाजूंनी बाभळी असतील. पेंटला स्क्रॅच जातील.”

ऑफ-रोडचा खरा अर्थ मला त्या दिवशी कळला. ज्याला परत यायला रस्ता आहे, त्याचीच ती हौस. आमच्याकडं ऑफ-रोड हा छंद नाही, तो महसुली विषय आहे. जमीन महसूल संहितेचं कलम १४३ लावून बांधावरून वाट मागायची. पूर्वीची वाट शेजाऱ्यानं नांगरली असेल तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याचं कलम ५ काढायचं. मग स्थळपाहणी, मग पंचनामा, मग तारीख. २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावानं पाणंद रस्त्यांची योजनाही निघाली. ज्या गावात पाणंद झाली तिथं पिकअप बांधापर्यंत जाते. जिथं नाही झाली तिथं ऊस तोडून डोक्यावर काढतात. अशा गावात कुणी शिडीवर वाद घालत नाही. त्यांच्या गाडीला चार पाय आणि दोन शिंगं असतात.

आणि कन्सेप्टचं म्हणाल, तर त्याचंही आम्हाला कौतुक नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे २००८-०९ च्या अर्थसंकल्पात मंजूर झाली. २८४ किलोमीटर, हदगाववरून जाणारी. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचा वर्धा ते कळंब एवढा तुकडा सुरू झाला. आम्ही कन्सेप्टमध्ये पंधरा वर्षांहून जास्त मुरलेले प्रवासी आहोत. भाच्याच्या मंडळानं दोन वर्षांत एवढं उतावीळ होऊ नये.

शेवटी भाच्यानं गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला लावली, आरसे मिटले, दोनदा कुलूप तपासलं आणि आम्ही बापूंच्या कमांडरमध्ये बसलो. आत बारा जण होते. बापूंच्या बाजूचं दार नव्हतं. भाचा हरखला. म्हणाला, नव्या गाड्यांना दार काढता यावं म्हणून आम्ही केव्हाचे मागे लागलोय! बापूंनी दार हौस म्हणून काढलेलं नव्हतं. दार काढलं की बापू अर्धे बाहेर बसतात आणि आत एक शीट वाढतं.

पांदीच्या तोंडाशी इंजिन तापलं. बापू उतरले, भाचाही फोन काढून उतरला. त्याला बॉनेटच्या पकडींचा फोटो हवा होता, मूळच्या, अस्सल, नमुन्याशी ताडून बघायला. बघतो तर डाव्या बाजूला पकड होती. उजव्या बाजूला नव्हती. तिच्या जागी कुंपणाची काटेरी तार, तीन पीळ देऊन बांधलेली.

भाच्याचा चेहरा पडला. बापूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“नाराज होऊ नका पाव्हणं. यंदा कंपनीनं पकडी आणल्या ना? वीस वर्सं थांबा, तार बी येईल.”