बाकी काही चालू नाही

११ डिसेंबर २०२० रोजी देशभरातल्या अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांनी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा तातडीच्या सेवा तेवढ्या सुरू ठेवून बाकीचं काम बंद ठेवलं. आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ प्रकारच्या शस्त्रक्रिया शिकवण्याची अधिसूचना आदल्या महिन्यात निघाली होती, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या मते ही ‘मिक्सोपथी’ होती, म्हणजे पॅथींची भेसळ. लढा तत्त्वाचा होता, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच बारा तासांत महाराष्ट्रातल्या घरोघरी काय चाललं असेल, हे ताडायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. करोनाचं वर्ष. सकाळी अर्सेनिक अल्बमच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या जिभेखाली विरघळल्या असणार, मग गॅसवर सुंठ-मिरी-गवती चहाचा काढा उकळला असणार, काढ्यामागोमाग बीपीची गोळी गेली असणार, आणि ती ‘उष्ण पडू नये’ म्हणून तिच्या पाठीवर चमचाभर गुलकंद. मिक्सोपथीचा सर्वांत जुना दवाखाना स्वयंपाकघरात आहे. तो नोंदणीकृत नाही, त्याला सुट्टी नाही आणि तिथल्या डॉक्टरीणबाई कुठल्याही कौन्सिलला जुमानत नाहीत.

माझी या दवाखान्याबद्दल तक्रार नाही. उलट त्याला थोडं तरी शास्त्र आहे, असंच माझं म्हणणं आहे. तक्रार आहे ती तिथल्या कारभाराबद्दल. आपल्या शरीरात आघाडी सरकार चालतं, पण त्याला किमान समान कार्यक्रम नाही. प्रत्येक घटकपक्ष आपापली गोळी, चूर्ण किंवा रस घेऊन सत्तेत येतो. बाकीचे कोण आहेत हे त्याला कोणी सांगत नाही, आणि मुख्यमंत्रिपदी बसलेला रुग्ण सगळ्यांना वेगवेगळं भेटून ‘तुमच्याशिवाय कोणी नाही’ असं सांगत असतो. श्रेयाची लढाई तर सर्दीपासूनच सुरू होते. सर्दी आणणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत, आणि ते बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आपले आपण निघून जातात. पण पाचव्या दिवशी काढा, सहाव्या दिवशी होमिओपॅथी आणि सातव्या दिवशी मेडिकलवाल्याने दिलेली अँटिबायोटिक सुरू केली, तर आठव्या दिवशी यश कोणाचं? शेवटी आलेल्याचं. विषाणूंवर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही, पण ती वेळ साधून आली, आणि पुढच्या सर्दीत ती पहिल्याच दिवशी येते.

मिश्रण मुळातच वाईट असतं, असं मानणाऱ्यांना आधी उत्तर द्यायला हवं. साध्या खोकल्यात आधी मध घेऊन बघा, अँटिबायोटिकच्या मागे धावू नका, असा सल्ला ब्रिटनच्या ‘नाइस’ या अधिकृत संस्थेने २०१८ मध्ये दिला. आपल्याकडे हा सल्ला त्याआधी काही शतकं फुकट मिळत होता, फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये ही महत्त्वाची तळटीप त्यात नव्हती. मधातून क्वचित येणारे बोटुलिझमचे जंतू तान्ह्या आतड्याला झेपत नाहीत. जुनाट कंबरदुखीसाठी अमेरिकेतल्या फिजिशियन मंडळींच्या कॉलेजने २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सुरुवात व्यायाम, योग, अ‍ॅक्युपंक्चर अशा गोष्टींनी करा आणि गोळ्यांकडे नंतर वळा असं म्हटलं. इसबगोल तर दोन्ही पॅथींच्या दुकानांत तितक्याच सन्मानाने विकलं जातं. जुलाबावर कोकणातल्या आजीने दिलेली मीठ घातलेली तांदळाची पेज आणि १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना पाजलेलं मीठ-साखर-पाणी, यांची जात एकच. तेव्हा स्वयंपाकघराला हसणाऱ्या डॉक्टरांनी जरा जपून हसावं.

मात्र याच पुराव्यातून निघणारा दुसरा निष्कर्ष स्वयंपाकघराला रुचत नाही. औषध काम करतं, याचा अर्थ ते शरीरात काहीतरी बदलतं. आणि जे काहीतरी बदलतं ते नको तेही बदलू शकतं. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य आयुर्वेदाची स्तुती म्हणून बोललं जातं. माझ्या मते आयुर्वेदाचा याहून मोठा अपमान कोणी केलेला नाही. ज्याने अपाय होणं शक्यच नाही, त्याने उपाय तरी कसा व्हावा? सर्पगंधेचं पाहा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये या मुळीचा रक्तदाबावरचा परिणाम आकडेवारीनिशी मांडला आणि आपल्या रानातली ही वनस्पती जगभरच्या दवाखान्यांत पोचली. तीन वर्षांनी तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढण्यात आलं. त्याबरोबर हेही दिसलं की ते काहींना सुस्त करतं, काहींना उदास करतं आणि अनेकांचं नाक चोंदवतं. चोंदलेल्या नाकावर मग अर्थातच काढा. ही मुळी खरी औषधी होती, म्हणूनच तिला खऱ्या औषधाचे दोष होते.

आता बीपीचीच एक गोष्ट, जी अमुक एका घरातली नाही पण कुठल्याही घरात घडू शकते. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालॅप्रिल या जातीची गोळी सुरू होते. या गोळ्यांनी काही लोकांना कोरडा खोकला लागतो, हे औषधशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे. रुग्णाला मात्र तो हवाबदलाचा वाटतो. हवाबदलासाठी डॉक्टरकडे कोण जाणार? दाढेत ज्येष्ठमधाची कांडी येते. कांडी गोड, घसा सुखावतो, म्हणून ती दिवसभर तिथेच मुक्काम करते. या ज्येष्ठमधातला गोड घटक जास्त प्रमाणात आणि बरेच दिवस पोटात गेला तर शरीरात मीठ-पाणी साठवतो, पोटॅशियम कमी करतो आणि रक्तदाब वाढवतो. पुढच्या भेटीत डॉक्टर यंत्राकडे बघून कपाळाला आठ्या घालतात. ‘मीठ कमी केलंत का?’ केलंय. ‘गोळ्या वेळेवर घेता?’ अगदी घड्याळ लावून. ‘दुसरं काही औषध चालू आहे का?’ ‘नाही हो, बाकी काही चालू नाही.’ हे सांगताना तोंडातली कांडी या गालातून त्या गालात जाते. डॉक्टर गोळीचा डोस वाढवतात. गोळी रक्तदाब खाली ओढते, कांडी वर ढकलते, आणि या दोघींच्या भांडणात खोकला मजेत असतो. त्या माणसाने ‘खोकला येतो म्हणून ज्येष्ठमध चघळतो’ एवढं एकच वाक्य उच्चारलं असतं, तर डॉक्टरांनी गोळीची जात बदलली असती. खोकला थांबला असता, कांडीची गरज संपली असती आणि वाढीव डोसही टळला असता. यात अ‍ॅलोपॅथी चुकली नाही, आयुर्वेदही चुकला नाही. फक्त दोघांची ओळख करून द्यायला कोणी नव्हतं.

अशीच गर्दी सकाळी रिकाम्या पोटाच्या दारात असते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही, हा तिचा नियम. पण भिजवलेल्या मेथ्या उपाशीपोटी, कारल्याचा रस उपाशीपोटी, लसणाची पाकळी उपाशीपोटी, मध-लिंबू-कोमट पाणी तर जन्मजात उपाशीपोटी. एका पोटाने एका सकाळी किती वेळा रिकामं राहायचं? त्यातच चहाची हाक येते आणि सगळे एकदमच आत घुसतात. इसबगोलसारखा चिकट पदार्थ बरोबर असेल तर तो येताना भेटलेल्या गोळ्यांनाही कवेत घेतो, म्हणून त्याच्यात आणि इतर औषधांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवायला सांगतात. थायरॉइडच्या गोळीला तर याहूनही मोकळी जागा लागते. साखरेच्या गोळीवर कारल्याचा रस चढवणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच. साखर उतरली की डॉक्टरांना वाटतं आपली गोळी लागू पडली आणि घरच्यांना वाटतं कारलं जिंकलं. मग एक दिवस कारलं जिंकल्याच्या आनंदात गोळी बंद होते.

‘आपले पूर्वज हजारो वर्षं हेच घेत आले, त्यांना काय झालं?’ हा आक्षेप यायचाच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दीर्घ अनुभव हाही पुरावाच असतो. पण कशाचा, ते नीट पाहिलं पाहिजे. पूर्वजांनी काढा घेतला. अ‍ॅम्लोडिपिनबरोबर काढा घेतला नाही. चरकाच्या काळी कोणाच्या हृदयात स्टेंट नव्हता आणि कोणी रक्त पातळ होण्याची गोळी घेऊन वर लसूण चावत नव्हतं. हजारो वर्षांचा अनुभव काढ्याचा आहे, जोडीचा अनुभव फार तर दोन पिढ्यांचा. मिरी घ्या. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून नावापुरतंच शोषलं जातं. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की त्याबरोबर मिरीतलं पायपेरिन दिलं तर माणसात ते सुमारे वीसपट अधिक उपलब्ध होतं. हळदीच्या दुधात मिऱ्याची चिमूट टाकणाऱ्या कोणा अनाम बाईला हे आधीच उमगलं असावं, आणि मला तिचा मनापासून आदर वाटतो. (हळदीच्या जखमभरणीचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द करवून घेताना डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जुने ग्रंथ पुढे करावे लागले. या बाईला साक्षीला बोलावलं असतं तर उलटतपासणी करणाऱ्या वकिलाचं काही खरं नव्हतं.) पण पायपेरिन शरीरातली औषधं मोडून टाकणारी यंत्रणाच मंदावतं, आणि समोरचा माल हळदीचा आहे की फिट्सवरच्या फेनिटॉइनचा, हे ते विचारत नाही. आमटीतल्या चार मिऱ्यांनी कोणी आजारी पडत नाही. नेहमीच्या गोळ्या चालू असताना एकदम रोज तीन वेळा कडक काढा किंवा पायपेरिनच्या कॅप्सूल सुरू करणं ही वेगळी गोष्ट.

गुळवेलीवरून तर जाहीर वाद झाला. २०२० च्या अखेरच्या महिन्यांत मुंबईत यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांच्या पोटात गुळवेल गेल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. कोणाचं खरं, या वादात मी पडत नाही, कारण दोघांचं बोलणं माझ्याच बाजूने जातं. कुंपणावरची वेल नेमकी कोणती, हे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने ठरवलं असेल, तर जे पोटात गेलं त्याला औषध तरी कसं म्हणायचं?

राहिली होमिओपॅथी. इतर औषधांशी तिची कुरबूर होण्याची भीती मला वाटत नाही. ३० पोटन्सी म्हणजे एकावर साठ शून्यं इतकं पातळ केलेलं द्रावण. त्यात मूळ द्रव्याचा एक रेणू सापडणंही गणिताला मान्य नाही. जो घटकपक्ष सभागृहात हजरच नाही, तो सरकार कसं पाडणार? तिथला धोका वाया जाणाऱ्या वेळेचा. सर्दीत वेळ वाया गेला तर बिघडत नाही, छातीत दुखताना गेला तर फार बिघडतं. कच्चा कांदा आणि कॉफी बंद करायला लावणारं तिचं पथ्य मात्र शरीराला नाही तरी मनाला चांगलंच जाणवतं.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार. ‘डॉक्टरांना सांगितलं तर ते ओरडतात.’ खरं आहे. काढ्याचं नाव काढताच भुवया उंचावणाऱ्या डॉक्टरला पुढच्या वेळी कोणी काही सांगणार नाही. वैद्यांकडेही ‘आधी ती इंग्रजी औषधं बंद करा’ म्हणणारे आहेतच. शिवाय सांगायचं कधी? प्राथमिक दवाखान्यात एका रुग्णाला मिळणारा वेळ देशोदेशी मोजणारा एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, भारतात सुमारे दोन मिनिटं. दोन मिनिटांत आपल्या फडताळातली पहिली फळीसुद्धा सांगून होत नाही. म्हणून तोंडी काही सांगूच नये. घरातलं सगळं, म्हणजे गोळ्या, चूर्णं, आसवं, कॅप्सूल आणि टीव्हीवर बघून मागवलेली बाटली, एका कापडी पिशवीत भरावं आणि ती पिशवी टेबलावर ठेवावी. डॉक्टर असोत वा वैद्य, पिशवी पाहून ते ओरडले तर ओरडू द्यावं. निदान कशावर ओरडायचं ते तरी त्यांना कळेल. कागदाच्या पुडीतली सांधेदुखीची पूड, जिचं नाव देणाऱ्याने ‘गुप्त’ ठेवलंय आणि जिने दोन दिवसांत चमत्कार केलाय, ती त्यात सगळ्यांत वर ठेवावी. अशा चमत्कारी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत. दुखणं पळतं, मागून साखर चढते आणि चेहरा गोल होतो. तो गोलवा तब्येत सुधारल्याची खूण मानून नातेवाईक कौतुक करतात, ते वेगळंच.

एवढं करूनही पिशवीत एक गोष्ट यायची राहतेच: शेजारच्या काकांना लागू पडलेली, म्हणून त्यांनी आपल्या पाकिटातून अर्धी पट्टी कापून दिलेली ती गुलाबी गोळी. तिची पॅथी कोणालाच ठरवता आलेली नाही. काकांचं शिक्षण बी.कॉम.पर्यंत झालेलं आहे आणि त्यांची फी एक कप चहा, तोही बिनसाखरेचा.