लोडवर किती?

ताप आलाय, असं बापूसमोर चुकूनही बोलू नये. "किती?" तो लगेच विचारतो. एकशे एक सांगितलं तरी त्याचं भागत नाही. "हा बसल्या बसल्या की लोडवर?" शेजारच्या आप्पांना मागे थंडीताप आला होता, तेव्हा त्यांनाही हेच विचारलं. आप्पांनी डोक्याखाली चाचपून पाहिलं आणि क्षीण आवाजात सांगितलं, "लोड नही रे भो, उशी से."

तोवर बापूने खिशातून बंदूक काढलेली असते. कोरोनात दारोदार कपाळावर रोखायचे तसलीच, पण ही कारखान्यातली, पाचशे डिग्रीपर्यंत मोजणारी. ती तो चहावर रोखतो, तव्यावर रोखतो, एस.टी.च्या बॉनेटवर रोखतो. आमच्याकडे आला की चहाच्या स्टीलच्या पेल्याला आधी काळी टेप चिकटवतो, कारण चकचकीत धातूवर ही बंदूक खोटं बोलते, टेपवर खरं. चहा निवून साय धरेपर्यंत हा खुलासा चालतो. आमच्या घरातल्या निम्म्या पेल्यांना आता काळे पट्टे आहेत आणि पाहुणे समजतात की ते उपासाचे वेगळे काढलेत.

या सगळ्याचं मूळ एक ग्राफिक्स कार्ड. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने आपला कारभार बदलला आणि ग्राफिक्स कार्डं राबवून आभासी नाणी पाडायचा जगभरचा धंदा एका दिवसात बसला. कार्डं पोत्याने बाजारात आली. त्यातलं एक आरटीएक्स ३०९० बापूने सुरतेहून उचललं. २०२० साली निघालं तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत १४९९ डॉलर होती. बापूला ते जुन्या मोटरसायकलच्या भावात पडलं. सुरत-भुसावळ लाइनीवर आमच्या धरणगावापर्यंत त्याने ते टॉवेलात गुंडाळून मांडीवर आणलं. समोरच्या बाईने "किती महिन्यांचं?" म्हणून विचारलं, असं तो सांगतो. मला हे खरं वाटत नाही, पण त्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं.

आता हे कार्ड म्हणजे ३५० वॅटची शेगडी. त्याची २४ जीबी मेमरी पाटीच्या दोन्ही अंगांना बसवलेली. पंखे पुढच्या अंगाला आणि मागची बाजू बिनपंख्याची, वाऱ्यावर. नाणी पाडून पाडून ती मेमरी ११० डिग्रीला टेकायची, आणि तिथे टेकली की कार्ड आपणहून हातपाय गाळतं. शहाण्या माणसाने व्होल्टेज थोडं उतरवलं असतं. वेगात जेमतेम दोन-चार टक्के गेले असते आणि उष्णता भरपूर कमी झाली असती. जळगावच्या एका मित्राने हे बापूला सांगितलं होतं. बापूने त्याच्याशी बोलणं टाकलं.

त्याला वेग वाढवायचा होता. छापील बूस्ट १६९५ मेगाहर्ट्झ. कार्ड गार असलं की त्याहून पुढे जातंच, पण बापूला दोन हजारांच्या पलीकडे न्यायचं होतं. त्यासाठी पाणी हवं. आणि पाणी हवं कुठे, तर धरणगावात! बालकवी इथलेच. १८९० चा जन्म. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ती पदवी मिळाली. झऱ्या-ओढ्यांची कविता त्यांनी इतकी लिहून ठेवली की आमच्या वाट्याला नळ तेवढे आले, आणि ते उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी सुटतात. नळ सुटायच्या रात्री अख्खी गल्ली हंडे घेऊन जागी असते. अशा गावात या गड्याने एका पत्र्याच्या डब्यासाठी नळयोजना आखली.

सामान मात्र सगळं इथलंच. जळगाव ठिबकचं माहेरघर, तेव्हा नळी १६ मिलिमीटरची लॅटरल. आतून ती साधारण साडेतेरा भरते आणि कार्डावरच्या तांब्याच्या ब्लॉकच्या अर्ध्या इंची तोटीवर क्लिप आवळली की घट्ट बसते. पंप म्हणजे कूलरची मोटर, १८ वॅटची. पाणी बॅटरीचं, बॅटरीवाल्याकडून कॅनने; कारण नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी ब्लॉकच्या केसासारख्या खाचा बुजतात. रेडिएटर आधी मोटारीचा अॅल्युमिनियमचा लावला होता. एकाच पाण्यात तांबं आणि अॅल्युमिनियम नांदत नाहीत, अॅल्युमिनियम खंगतं. पावसाळा संपेतो पाण्यात पांढरा चुना उतरला. मग भंगारातून जुन्या जीपचा तांब्या-पितळेचा आणला. तो बसवला खिडकीत, म्हणजे बापूच्या खोलीत उजेड आता रेडिएटरच्या जाळीतून गाळून येतो. असा थाट करणाऱ्या इतरांच्या नळ्या पारदर्शक, आत निळं-जांभळं पाणी, वर दिवे. ठिबकची नळी काळी. आत पाणी फिरतंय की नाही हे बघायला बापू तिला कान लावतो.

एवढं करून तो करतो काय? काही नाही. गेम खेळत नाही. फरमार्क नावाचा प्रोग्राम लावतो, त्यात पडद्यावर एक केसाळ मेदूवडा फिरतो. पूर्वी या वड्याला मधोमध डोळाही असायचा म्हणे. प्रत्येक केस हलवताना कार्ड घामाघूम होतं, म्हणजेच 'लोड'वर येतं, आणि बापू मांडीवर वही घेऊन दर पाच मिनिटांनी आकडा टिपतो. ओव्हरक्लॉकने चार-पाच टक्के फायदा झाला: सेकंदाला १२० चित्रं निघत होती तिथे आता १२५. त्याचा मॉनिटर जुना, ६० हर्ट्झचा. सेकंदाला साठाच्या वर चित्रं तो दाखवूच शकत नाही. ही वरची पाच चित्रं बापूने नळी, पंप आणि पितळ खर्चून कमावली आणि ती कुणाच्याही नजरेला पडत नाहीत. हे मी एकदा बोलून दाखवलं. तो म्हणाला, "पण निघतात ना?"

मे महिन्यात खरी गंमत. बाहेर ४५. पाण्याने थंड करा की तुपाने, कार्ड खोलीच्या हवेहून गार व्हायचं नाही, हा निसर्गाचा कायदा. बापूने त्यावर 'डेल्टा'ची पळवाट काढली. खोली ४१, कार्ड ६६, डेल्टा २५. डिसेंबरात खोली १८, कार्ड ४३, डेल्टा पुन्हा २५. म्हणजे उन्हाळा नाहीच, असं तो ४१ डिग्रीत बनियनवर बसून सांगतो. तरी तो आकडा त्याला सलत होताच. एका दुपारी त्याने घरातला एकुलता एक कूलर उचलला आणि रेडिएटरच्या मागे उभा केला. आपल्याकडची हवा कोरडी. कूलरच्या ओल्या गवतातून आलेला वारा बाहेरच्या हवेहून पंधरा-सोळा डिग्री सहज उतरतो. कार्ड बऱ्यापैकी गार झालं. वहीत मे महिन्यात पहिल्यांदाच साठाच्या खालचा आकडा लागला. आई पदराने वारा घेत दारात येऊन उभी राहिली. "त्या डबाले गार वारा, आन् मी काय चुल्हामा बसू?" बापूने वही मिटली आणि अत्यंत प्रेमाने विचारलं, "आई, तुला आत्ता वाटतंय ते बसल्या बसल्या की लोडवर?" कूलर पाच मिनिटांत स्वयंपाकघरात गेला.

या प्रश्नाने त्याचं लग्नही मोडलं. एरंडोलकडे मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, मुलीचे मामा म्हणाले, "आमची ताई स्वभावाने अगदी शांत आहे हो." बापू पटकन बोलून गेला, "ती बसल्या बसल्या झाली. लोडवर?" मुलगी हसली म्हणे. मामा हसले नाहीत.

आता इथवर लिहून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आप्पांच्या कपाशीचं सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही, म्हणून सांगतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात कापसाने क्विंटलला दहा हजार ओलांडले होते. त्या आशेवर पुढच्या हंगामात खान्देशात घरोघर कापूस भरून ठेवला गेला. ओसरीत, माजघरात, खाटेखाली कापूस. अंगाला खाज सुटायची, पण विकायचा नाही. आप्पांचा मुलगा सुरतेला. घरात आप्पा आणि छताला भिडलेला ढीग. सरकीत ओल राहिली तर असा ढीग आतून तापतो, हे आप्पांनाही ठाऊक होतं. आत हात किती खोल घालणार? बापूने ठिबकच्या नळीत तापमापकाची तार ओवली आणि ती ढिगाच्या पोटात खुपसली. रोज संध्याकाळी येऊन आकडा बघायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. ३१. ३१. ३३. एकदा ३८ लागला, तेव्हा रात्री अकराला दोघांनी मिळून अर्धा ढीग ओसरीवर पसरला. मी खिडकीतून पाहत होतो. मदतीला गेलो नाही, कापसाने मला शिंका येतात.

भाव चढलाच नाही. मे उजाडता उजाडता आप्पांनी सात हजारांच्या आसपास सगळा कापूस देऊन टाकला. खोली रिकामी झाली. बापू तरीही संध्याकाळी यायचा, तार हवेत धरायचा आणि चौकोनात आकडा लिहायचा. "आता काय मोजतोस?" मी विचारलं. "रूम टेम्परेचर. डेल्टाला लागतं," तो म्हणाला. आप्पा चहा ठेवायला आत गेले होते. दोन पेले, दोन्हींनाही काळी टेप.

पुढच्या थंडीत पारा दहाच्या आसपास उतरला. आप्पांचे गुडघे धरले. एका पहाटे ते घोंगडी पांघरून बापूच्या दारात हजर. "तुनं ते यंत्र कव्हय चालू करशी?" बापूने खिडकीतला रेडिएटर काढून खोलीच्या आत फिरवला, आप्पांना समोर खुर्ची दिली आणि मेदूवडा सोडला. साडेतीनशे वॅट गरम वारा थेट गुडघ्यांवर. कार्ड कितीही गार राखा, खाल्लेली वीज उष्णता होऊन बाहेर पडायचीच. एरवी बापूच्या मुळावर येणारा हा कायदा आप्पांच्या कामी आला. पॉवर लिमिट त्याने स्वतः होऊन आणखी वर ढकललं. जास्तीचे वॅट कुणाच्या तरी उपयोगी पडायची ती पहिलीच वेळ.

तेव्हापासून थंडीत रोज पहाटे पाच ते सहा वडा फिरतो. आप्पा त्याच्याकडे टक लावून बघत बसतात आणि मधेच विचारतात, याला डोळा होता तो कुठे गेला. वीजबिल दोघांत अर्धं अर्धं ठरलंय. आप्पा देतात की नाही, ते बापू सांगत नाही.