टीचर, मोदक खाल्ला तर चालतो का?

संडे स्कूलची टीचर ओळखायची असेल तर तिची पर्स पाहावी. हजेरीपट, स्केचपेनांचा डबा, फेविकॉल, सेफ्टी पिना, जपमाळ, कुणाची तरी विसरलेली पाण्याची बाटली आणि तळाशी एक्लेअर्सचं पाकीट, एवढं सगळं त्या पर्समधून निघतं. तिची मालकीण सोमवार ते शनिवार वालीव-सातिवलीच्या एखाद्या गाळ्यात बिलं बनवत असेल, इंग्रजी शाळेत भूगोल शिकवत असेल, किंवा घरी सहा माणसांचं करत असेल. रविवारी मिस्सा संपल्यापासून पुढचा तासभर मात्र ती संत थॉमस अक्वायनसची वारसदार असते. पगार नाही, बढती नाही, आणि रजा हवी असेल तर बदली टीचर स्वतःच शोधायची. वर्षातून एकदा फादर तिचे जाहीर आभार मानतात आणि झाकणाचा एक डबा भेट देतात. स्वयंपाकघरातली ही डब्यांची उतरंड मोजली की तिच्या सेवेची वर्षं कळतात. पर्समधल्या सर्वांत महत्त्वाच्या वस्तू दोनच: सेफ्टी पिना आणि एक्लेअर्स. पहिलीमुळे नाताळच्या नाटकात देवदूतांचे पंख जागेवर राहतात, दुसरीमुळे देवदूत.

तिच्याबद्दल पालकांची, नुकत्याच कॉलेजात जाऊ लागलेल्या तरुणांची आणि क्वचित फादरांचीही तक्रार एकच असते, की ती नीट शिकवत नाही. पुस्तक अर्ध्यावर राहतं. ती गोष्टीच सांगत बसते, हातवारे करत गाणी म्हणवून घेते, आणि कुणी अवघड काही विचारलं की विषय बदलते. तक्रारीतला शब्द न् शब्द खरा आहे. माझं म्हणणं एवढंच, की जो तिचा दोष म्हणून दाखवला जातो तेच तिचं खरं काम आहे. पुस्तक संपवणं, हजेरी घेणं, चाचणी आणि ग्रेड हा सारा सरंजाम शाळेकडून उसना आणलेला आहे; त्याच्यावाचून हा वर्ग शेकडो वर्षं चालला, आणि बहुधा बरा चालला.

कामणसारख्या गावात हे अधिक स्वच्छ दिसतं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे पापडी, सांडोर, गिरीज, नंदाखाल, निर्मळ या बाजूला, टीचरचं निम्मं काम गावच करून ठेवतं. वळणावळणावर क्रूस उभे, ऑक्टोबरात घरोघर जपमाळ, सणाला बँड, नात्यात एखादी मावशी सिस्टर आणि एखादा काका फादर. तिथल्या मुलाला ‘नमो मारिया’ कधी पाठ झालं ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. कामणला वर तुंगारेश्वरचा डोंगर, खाली चिंचोटीहून अंजूरफाट्याकडे जाणारा ट्रकांचा रस्ता, आणि वसई-दिवा मार्गावरचं कामण रोड स्टेशन, जिथे गाडीची वाट पाहता पाहता अख्खी जपमाळ पुरी व्हावी. आदिवासी पाडे, जुनी गावठाणं आणि गाळ्यांमागोमाग आलेली देशभरची माणसं, अशी इथली वस्ती. ख्रिस्ती घरं त्यात विखुरलेली. एका मुलाच्या घरी मल्याळम, दुसऱ्याच्या घरी कोंकणी, तिसऱ्याच्या घरी हिंदी, आणि शाळेत सगळ्यांचंच मोडकंतोडकं इंग्रजी. इथे गाव काहीच शिकवून पाठवत नाही. टीचरला आठवड्याचा एक तास मिळतो, आणि त्यातली पंधरा मिनिटं कोण खिडकीशी बसणार या वादात जातात. पुस्तकाचा जो काही उपयोग व्हायचा तो अशा ठिकाणी उघडा पडतो.

आता जुने दाखले पाहू. मुलांना रविवारी आणि सणांच्या दिवशी श्रद्धेची मूळतत्त्वं शिकवावीत असं ट्रेंटच्या धर्मसभेनं १५६३ मध्ये ठरवलं. त्याच्या एकवीस वर्षं आधी गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यातून हिंडत मुलं गोळा करी आणि धर्मतत्त्वं चालीवर म्हणवून घेई. हा माणूस पॅरिस विद्यापीठात शिकलेला आणि तिथे तत्त्वज्ञान शिकवलेला. त्याला व्याख्यान देता येत नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. तरी त्यानं गाणं निवडलं. पुढे तमिळ किनाऱ्यावर तर त्यानं मुलांनाच सांगितलं की घरी जाऊन आईबापांना शिकवा. त्याच्यामागून, १५७९ मध्ये, इंग्लंडातून फादर थॉमस स्टीफन्स आले. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच प्रसंग आहे: पाद्री चर्चमध्ये धर्मतत्त्वं शिकवताहेत, आणि एक नवख्रिस्ती ब्राह्मण अदबीनं सुचवतो की हे सगळं ठीक, पण आमची जुनी पुराणं सुटली, त्यांच्या जागी मनाला रमवणारं काही द्या. स्टीफन्सनी त्यावर परिपत्रक काढलं नाही, दहा हजारांहून जास्त ओव्या लिहिल्या. १६१६ मध्ये त्या रायतूरला छापल्या गेल्या. मराठीतलं हे मोठं काव्य धर्मशिक्षणाच्या तासाला पुरेसं न रमलेल्या एका श्रोत्याच्या तोंडून सुरू होतं, हे पॅरिश कौन्सिलनं एकदा तरी लक्षात घ्यावं.

मग हजेरी आणि चाचणी आली कुठून? संडे स्कूल हे नाव आणि त्याचा थाट प्रॉटेस्टंट इंग्लंडचा. १७८० मध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी अशी शाळा काढली, कारण तिथली गरीब मुलं आठवड्याचे सहा दिवस कामावर जात आणि वाचायला शिकायला रविवारच उरे. त्यांच्यापुरती ती खरोखरच शाळा होती, कारण दुसरी नव्हतीच. कामणच्या मुलाला सहा दिवस शाळा असते, तिच्या डोक्यावर ट्यूशन. सातव्या दिवशी त्याला पुन्हा बाकावर बसवून ‘गैरहजर का होतास’ विचारणं म्हणजे रेक्ससाहेबांचा उपकार उलटा फेडणं आहे.

खुद्द चर्चची अपेक्षा किती होती, तेही पाहण्यासारखं आहे. पूर्वी पहिल्या कम्युनियनसाठी मुलांना बऱ्याच ठिकाणी दहा, बारा, चौदा वर्षांपर्यंत थांबवून ठेवत. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये हे वय सातच्या आसपास आणलं, आणि सोबत स्पष्ट केलं की धर्मतत्त्वांचं पूर्ण ज्ञान असण्याची गरज नाही. मुलाला त्याच्या कुवतीप्रमाणे मुख्य गोष्टी कळाव्यात, आणि वेदीवरची भाकर व घरची भाकर यांतला फरक कळावा. एवढंच. आपल्याकडे मात्र त्याच मुलाला दहा आज्ञा, सात संस्कार, पवित्र आत्म्याची सात दानं, आणि पॅरिश फारच उत्साही असेल तर बारा फळंही क्रमवार पाठ असावी लागतात. बारा फळांत हापूस येतो का, असं विचारणाऱ्या मुलाला भाकरीतला फरक पक्का कळलेला असतो. पण त्याचे मार्क जातात. पहिल्या कन्फेशनची तयारी हा तर वेगळाच विषय आहे. तिथे टीचरपुढची अडचण पापांच्या टंचाईची असते. आठ वर्षांच्या मुलाकडे फार तर दोन पापं असतात, आणि त्यांतलं एक धाकट्या बहिणीच्या चिथावणीमुळे घडलेलं असतं. मग वर्गात शेजाऱ्याची पापं पाहून लिहिणं सुरू होतं, आणि बारा मुलांनी एकाच आठवड्यात आजीचे पैसे चोरल्याचं निष्पन्न होतं. व्यभिचाराची आज्ञा आली की टीचर म्हणते, ‘ही मोठ्यांसाठी आहे, पुढची घ्या.’ ही पळवाट आहे हे मान्य. पण तिसरीतल्या मुलांसमोर याहून शहाणं वाक्य कुठल्या धर्मपंडितानं काढून दाखवावं.

पळवाटांचं हे शास्त्र नीट तपासलं तर त्यात चुका फारशा सापडत नाहीत. गणपतीच्या दिवसांत हमखास प्रश्न येतो, ‘टीचर, शेजारच्या काकूंनी मोदक दिला, खाल्ला तर चालतो का?’ मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा हा प्रश्न करिंथच्या मंडळींनी संत पौलालाही विचारला होता, आणि त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्यानं आठवा अध्याय त्यात घालवला. अन्नानं माणूस देवाच्या जवळ जात नाही की दूर जात नाही, मात्र आपल्या खाण्यानं दुसऱ्या कुणाचं मन अडखळू नये, असा त्याचा एकंदर रोख आहे. टीचर म्हणते, ‘प्रेमानं दिलाय ना? मग खा. आणि आईला सांगून खा.’ अध्याय संपला. दुबळ्या मनाच्या व्यक्तीची, म्हणजे आईची, काळजीही त्यात आली. दुसरा प्रश्न याहून जड. ‘माझा बेस्ट फ्रेंड चर्चला येत नाही, तो स्वर्गात जाणार का?’ यावर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत जगभरचे दोन हजारांहून जास्त बिशप बसले, आणि १९६४ मध्ये त्यांनी लिहून दिलं की स्वतःच्या दोषाविना ज्यांना ख्रिस्त माहीत नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. टीचरनं तो दस्तऐवज वाचलेला नसतो. ती म्हणते, ‘चांगला मुलगा आहे ना? मग देव बघेल त्याचं. तू तुझं बघ.’ परिषदेच्या निर्णयात तिनं भर घातली आहे ती शेवटच्या वाक्याची. आणि देव एक की तीन, हा प्रश्न निघाला की ती तत्काळ विषय बदलते: ‘चला, सगळ्यांनी क्रूसाची खूण करा पाहू.’ संत ऑगस्टिननं त्रैक्यावर पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला, त्यात त्याची कितीतरी वर्षं गेली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तिन्ही नावं एका हाताच्या एका हालचालीत घेणारी खूण मुलांकडून करवून घेणं, याला विषय बदलणं म्हणायचं की उत्तर देणं, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

नाताळच्या नाटकाला तर पुस्तकवाले उघडच वेळेचा अपव्यय म्हणतात. डिसेंबर उजाडला की अभ्यासक्रम गुंडाळला जातो आणि मरियेच्या भूमिकेसाठी आयांमध्ये जे राजकारण चालतं त्यापुढे महापालिकेची निवडणूक सौम्य वाटावी. पण भूमिका वाटताना टीचर जो निर्णय घेते त्यात शुभवर्तमानाचं बारीक वाचन आहे. ज्या मुलाला एक ओळही पाठ होत नाही त्याला ती योसेफ करते. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. तो स्वप्न पाहतो, उठतो आणि सांगितलेलं करतो. त्या मुलाला योसेफाबद्दल जे कळतं ते वही भरून कळलं नसतं. मेंढरांची संख्या मात्र दरवर्षी अवाजवी असते, कारण कुणालाच नाराज करायचं नसतं.

यावर आक्षेप आहेत, आणि सगळेच फुटकळ नाहीत. एक आक्षेप असा, की अर्थ न कळता प्रार्थना पाठ करून घेणं म्हणजे पोपटपंची. पण मग पाढे, मनाचे श्लोक, पसायदान यांचं काय करायचं? महाराष्ट्रात पाठांतर आधी आणि अर्थ मागाहून ही रीत सर्व धर्मांनी गुण्यागोविंदानं पाळली आहे. माझं भांडण पाठांतराशी नाही, त्याला मार्क देण्याशी आहे. दुसरा आक्षेप, की कोवळ्या मनावर धर्म लादू नये, मोठेपणी ज्याचं त्यानं ठरवावं. लादण्यासाठी समोरचा ऐकत असावा लागतो. रविवारी सकाळी मैदानात क्रिकेट सुरू असताना खिडकीशी बसलेल्या मुलावर काही लादणं किती कठीण असतं ते टीचरलाच ठाऊक. कम्युनियनचा पांढरा पोशाख, मेणबत्ती, हॉल आणि व्हिडिओ शूटिंग आटोपलं की पुढच्या रविवारपासून वर्ग ओसरतो, म्हणजे मुलं आणि पालक ठरवत असतातच. पण या आक्षेपात एक खरी गोष्ट आहे, ती टाळू नये. वर्ग आवरेनासा झाला की एखादी टीचर नरकाचा आधार घेते. भीती शिस्तीच्या कामी लगेच येते आणि मनातून फार उशिरा जाते. तिथे गोष्टी सांगणाऱ्या टीचरची बाजू मी घेणार नाही. एक्लेअर्सचं पाकीट याच कामासाठी असतं. तिसरी कुरबुर पालघर जिल्ह्यात अलीकडे वारंवार ऐकू येते: धर्मशिक्षण म्हटलं की काहींचे कान टवकारतात. त्यांच्यासाठी एवढंच, की राज्यघटनेचं २८ वं कलम पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देऊ देत नाही, आणि अनुदानित शाळांत पालकांच्या संमतीशिवाय मुलावर त्याची सक्ती करू देत नाही. चर्चच्या हॉलातला हा वर्ग ख्रिस्ती घरांतल्या मुलांचा, आईबापांनी स्वतः आणून सोडलेल्या. आपलीच मुलं वेळेवर येत नाहीत म्हणून जी बाई व्हॉट्सॲपवर हात जोडते, तिला दुसऱ्यांची गोळा करायला फुरसत कुठून?

तेव्हा चाचणी बंद करावी, ग्रेड बंद करावी. गोष्टी, गाणी, नाटक, प्रार्थना आणि त्या पळवाटा तेवढ्या ठेवाव्यात, असं माझं मत. याला पॅरिश कौन्सिल कदाचित तयार होईल. विरोध होईल तो टीचरचाच. शनिवारी रात्री अकरापर्यंत जागून, रेघा मारून, रिकाम्या जागा आणि जोड्या लावा असा पेपर तिनं हौसेनं काढलेला असतो, आणि परीक्षाच नसेल तर वार्षिक दिनाला बक्षिसं कसली द्यायची, हा तिचा सवाल बिनतोड आहे. शिवाय तिच्या परीक्षेत कुणी नापास झाल्याचं ऐकिवात नाही. जोड्या लावताना ज्यानं तारवाची जोडी नोहाऐवजी मोशेशी लावली त्यालाही तिनं अर्धा मार्क दिलेला असतो. दोघांचाही पाण्याशी संबंध होताच, असं तिचं म्हणणं.