पीके आणि ३४ अक्षरं

काचबिंदूनं आमच्या काकांची नजर नेली, वाचन काही नेता आलं नाही. साताऱ्यात सकाळी त्यांच्याकडे गेलात तर लॅपटॉपवर एनव्हीडीए चालू असतो, कानाला हेडफोन असतो आणि शेजारी चहा गार होत असतो. एनव्हीडीए म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. मायकल करन या ऑस्ट्रेलियन तरुणानं, जो स्वतः दृष्टिहीन आहे, ते २००६ साली लिहायला घेतलं. आजही फुकट मिळतं. काका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेत, त्यामुळे फुकट या शब्दावर त्यांचा विशेष जीव.

परवा त्यांचा फोन आला. "अरे, एका संस्थेनं मराठी पुस्तकं इपबमध्ये टाकलीत म्हणून ऐकलं. लिंक दाबली, तर हा म्हणतो 'पी के'. मग म्हणतो 'माइमटाइप ॲप्लिकेशन स्लॅश इपब प्लस झिप'. पुढं नुसता खडखडाट. मी मागवली कादंबरी. हे आमिर खानचं काय मधेच?"

आमिर खान निर्दोष आहे. पीके ही फिल कॅट्झची आद्याक्षरं. झिपचा जनक तो. प्रत्येक झिप फाइलीच्या तोंडाशी ती असतात, आणि इपब हे पुस्तक म्हणजे आतून एक झिपचं गाठोडंच. त्याचा नियम मोठा गमतीचा आहे. गाठोड्यात सगळ्यात वर एक चिठ्ठी ठेवायची, ती अजिबात दाबून बसवायची नाही आणि तिच्यावर एवढंच लिहायचं: 'ॲप्लिकेशन/इपब+झिप'. का, तर कुणीही वरवर पाहिलं तरी आत पुस्तक आहे हे कळावं. काकांना ऐकू आली ती हीच चिठ्ठी. पुस्तक कपाळावर नाव गोंदवून दारात उभं होतं.

पण सर्व्हर कपाळ बघत नाही, शेपूट बघतो. फाइलीच्या नावाची शेपटी घ्यायची, आपल्या नोंदवहीत शोधायची, तिथं जो प्रकार लिहिलाय ते लेबल लावून माल पुढं ढकलायचा. ह्या संस्थेचा सर्व्हर निघाला अपाची २.२, म्हणजे २००५ सालची आवृत्ती, आणि नोंदवही त्याच काळातली. इपब जन्माला आलं २००७ मध्ये. वहीत नाव नाही म्हटल्यावर हा जुना अपाची 'साधा मजकूर' असा शिक्का मारून मोकळा होतो. त्यातल्या त्यात बरा म्हणायचा. मायक्रोसॉफ्टचा आयआयएस अनोळखी शेपटी दिसली की सरळ '४०४, सापडली नाही' सांगतो. फाइल तिथंच असते. पुस्तकाला टेकून उभं राहून 'पुस्तक नाही' म्हणणारे ग्रंथपाल आपण पाहिलेले आहेत, त्यामुळे धक्का बसत नाही.

एरवी अशा वेळी ब्राउझर थोडी अक्कल चालवतो. आपल्या घरी श्रीखंडाच्या डब्यात मोहरी असते. आपण झाकण उघडतो, नाक लावतो आणि फोडणीला घेतो. ब्राउझरही तसाच हुंगून बघायचा. पण संस्थेत मध्यंतरी सुरक्षेचं ऑडिट झालं आणि सर्व्हरवर 'नोस्निफ' अशी पाटी लागली. शब्दशः, हुंगू नये. पाटी योग्यच आहे. मजकुराच्या लेबलाखाली भलतंच काही चालवणारे चोर असतात. फक्त पाटी लावणाऱ्यानं आधी डब्यांची लेबलं तपासायची असतात.

मी संस्थेत फोन केला. तिथल्या संगणकवाल्यानं गोड आवाजात सांगितलं, "सर, आमच्याकडून तर ओपन होतंय." होणारच. त्याच्या डेस्कटॉपवर मूळ फाइल होती. शिवाय तो म्हणाला, "आपली साइट फुल्ल ॲक्सेसिबल आहे सर. वर उजवीकडं बघा, अ, अ अधिक, अ उणे." काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "वा. मग अ किती मोठा केला की मला दिसेल?"

ह्या पुस्तकासाठी किती दारं उघडली गेली बघा. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलून दृष्टिहीनांसाठी पुस्तकांच्या सुगम्य प्रती काढायला मोकळीक दिली. २०१३ मध्ये मोरोक्कोत मराकेश करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश आपण. २०१६ मध्ये दिव्यांग हक्कांचा कायदा आला. दिल्लीपासून मराकेशपर्यंत कुठं न अडलेलं पुस्तक साताऱ्याच्या वेशीवर एका ओळीवाचून अडलं. ओळ अशी: 'ॲडटाइप ॲप्लिकेशन/इपब+झिप .इपब'. इंग्रजीत लिहिली तर मोकळ्या जागा धरून ३४ अक्षरं.

ती ३४ अक्षरं लिहायचं काम कुणाचं, हे ठरायला तीन आठवडे लागले. संगणकवाला म्हणे होस्टिंगवाल्याचं, होस्टिंगवाला म्हणे कंत्राटात 'कंटेंट' येत नाही.

दरम्यान काकांच्या शेजारची मुलगी, जन्मापासून दृष्टिहीन, बोटांनी ब्रेल वाचणारी, तिनं त्याच संस्थेची ब्रेल फाइल मागितली. शेपटी बीआरएफ. ही खरोखरच साधा मजकूर असते, फक्त डोळसांसाठी नव्हे. सहा ठिपक्यांच्या प्रत्येक नक्षीला एक इंग्रजी अक्षर, आकडा किंवा चिन्ह नेमून दिलेलं असतं. भारती ब्रेलमधला 'मराठी' हा शब्द पडद्यावर असा दिसतो: एम, आर, मग गणितातलं 'पेक्षा मोठं'चं चिन्ह, मग डब्ल्यू आणि शेवटी ९. तिच्या ब्रेल यंत्रावर ह्याच पाच खुणांचे ठिपके वर येतात आणि बोटाखाली स्वच्छ 'मराठी' लागतं. संगणकवाल्यानं मात्र फाइल उघडली, पहिली ओळ पाहिली, आणि ती 'करप्ट' म्हणून काढून टाकली. वर तत्परतेनं पर्याय दिला: छापील पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ. "ही सगळ्यांना उघडते सर." उघडते, खोटं नाही. आत चित्रं, त्यामुळे एनव्हीडीए गप्प आणि ठिपके सपाट.

शेवटी एकदाची ओळ पडली. काकांची कादंबरी उतरली, बीआरएफही पुन्हा चढली. आठवडा बरा गेला. मग संस्थेच्या साइटवर कसलासा हल्ला झाला आणि त्यांनी जुना बॅकअप चढवला.

काल रात्री साडेनऊला फोन. "झोपलास का रे? काही नाही, पीके परत आलाय."