मोरू जेवत नाही

आमच्या घरून पाहुणा अर्धपोटी परत गेल्याचं ऐकिवात नाही. तो 'पुरे' म्हणाला की हिला चेव येतो आणि आडव्या धरलेल्या हाताला वळसा घालून जिलबी पानात पडते. हा आग्रह ज्याने पहिल्यांदा मोडून काढला, तो शिकागोजवळ लेकीच्या घरी काचेच्या टाकीत राहतो. तो अ‍ॅक्सोलॉटल आहे. माइनक्राफ्ट या खेळात हा प्राणी २०२१ साली आला आणि नातवाच्या हट्टापायी पुढे दिवाणखान्यात आला. चार पाय, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे गुलाबी कल्ले आणि कशानेही न मावळणारं हसू. त्याचं कागदोपत्री नाव काहीही असो, ही त्याला मोरू म्हणते.

मोरूचं घराणं मेक्सिको शहराजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतलं. तिथे आता हा औषधालाही मुश्किलीने सापडतो. ५० पेसोंच्या नोटेवर मात्र मिरवतो. जगभरच्या टाक्यांतले बरेचसे १८६४ च्या सुमारास पॅरिसला नेलेल्या मूठभरांचे वंशज. म्हणजे मूळ मेक्सिकन, आजोळ फ्रेंच, पत्ता अमेरिकन आणि भरवायला सांगलीकर.

त्याचं आवडतं जेवण म्हणजे गांडूळ. ती जिवंत गांडुळं डब्यात, मातीसकट, फ्रिजमध्ये असत. हिच्या विरजणाला लागून. आम्ही लेकीकडे पोचल्यावर पहिल्याच सकाळी हिने झाकण उघडलं आणि त्याच दिवशी घरात पेलेट्स आल्या. कोरड्या, तपकिरी, सोज्वळ. हिला त्या शाकाहारी वाटल्या. नातवाने डब्यावरचं मोठ्यांदा वाचलं : पहिलाच घटक माशांची भुकटी.

"तुला वाचायला कोणी सांगितलं होतं?" असं म्हणून हिने तो विषय मिटवला.

पेलेट बुडणारी हवी, मऊ हवी. मोरूला दिसतं बेताचंच. त्याचा कारभार वासावर आणि पाण्यातल्या हालचालीवर चालतो. चावणं हा प्रकार नाही. तोंड फटकन उघडायचं आणि समोर असेल ते पाण्याबरोबर आत ओढायचं, इतकंच. म्हणून टाकीत खडीसुद्धा ठेवत नाहीत, तीही गिळेल. आता गांडूळ आपणहून वळवळतं, पेलेट वळवळत नाही. ही उणीव भरून काढायला घरात रिकामा माणूस मी एकटाच होतो. लांब चिमट्यात पेलेट धरून मी ती त्याच्या नाकासमोर हलवू लागलो.

"बाबा, जरा जिवंत वाटू द्या ना!" लेक म्हणाली. जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला असलं वाक्य लागतं.

मोरू येई, पेलेट ओढी, थोडा विचार करी आणि थुंकून टाकी. थुंकलेलं तसंच राहिलं तर कुजून पाण्यात अमोनिया होतो, म्हणून ते नळीने ओढून काढायचं कामही माझंच. ही मागे उभी राहून चिऊचा घास, काऊचा घास करी. मोरूला चिऊ-काऊशी कर्तव्य नव्हतं. वाढ झालेल्या अ‍ॅक्सोलॉटलला दोन-तीन दिवसांनी एकदा खाऊ घातलं तरी पुरतं, हे लेकीने समजावलं, तर हिला तो शुद्ध छळ वाटला. "दोन-दोन दिवस उपाशी? आणि पाणी असं गार?" पाणी १६ ते १८ अंशांवर ठेवायला त्याला स्वतंत्र यंत्र आहे. आमच्या खोलीचा एसी मात्र जावईबापू वीजबिल आठवून लावतात. पण ते असो.

शेवटी भुकेने काम केलं. हिच्या डोळ्यांदेखत तीन दिवस टाकीत काही पडू दिलं नाही, मग मी चिमटा घातला, मनगट सैल सोडलं, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, मध्येच एक झटका. मोरूने पेलेट ओढली आणि ठेवून घेतली. दुसरीही. तेव्हापासून तो पेलेट खाऊ लागला, पण माझ्याच हातून. नातवाचं हलवणं त्याला पटेना.

आम्ही परत निघायच्या आधी लेकीने माझ्या मनगटाचा व्हिडिओ काढून घेतला, शिकायला म्हणून. ही तो दोनदा बघून म्हणाली, "एवढं अंगात होतं, तर आपल्या वरातीत खांबासारखे का उभे होता हो?"