सुभेदारी, लॅपटॉपवरची

बुऱ्हाणपूरच्या गल्ल्यांमधली पॉवरलूमची खडखड रात्रीही थांबत नाही. त्या आवाजात झोपायची सवय असलेल्या शहरात कोणी रात्री बारा वाजता ‘अरे डावीकडे मोकळा आहे, डावीकडे!’ असं ओरडलं, तरी शेजारी कूस बदलत नाहीत. ओरडणारा हा तरुण दिवसा सुताच्या गाठींचे हिशेब लिहितो आणि रात्री इंग्लंडमधल्या प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबाचा मॅनेजर असतो. शाळा सुटल्यापासून त्याने चेंडूला पाय लावलेला नाही. पण फुटबॉल मॅनेजर या संगणकखेळात चेंडूला पाय लावायचा नसतोच. खेळाडू घ्यायचे, विकायचे, त्यांचे पगार ठरवायचे, सराव लावायचा, रचना आखायची, पत्रकारांची तोंडं बंद करायची आणि सामना सुरू झाला की हात चोळत बसायचं. थोडक्यात, लग्नघरातल्या मामाचं काम.

या उद्योगाचा पहिला खेळ केविन टॉम्स या इंग्रज गृहस्थाने १९८२ मध्ये बाजारात आणला. आज ज्याने जगभरच्या झोपा उडवल्या आहेत त्या खेळाचं मूळ मात्र १९९२ च्या चॅम्पियनशिप मॅनेजरमध्ये आहे. तो पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन भावांनी घरी बसून लिहिला. २००३ मध्ये त्यांचं आणि आयडॉस या प्रकाशकाचं फाटलं. आपल्याकडे वाटणी होते ती भावाभावांत. इथे भाऊ एकत्र राहिले आणि प्रकाशक वेगळा झाला. प्रकाशकाच्या वाट्याला नाव आलं, भावांच्या वाट्याला आतला सगळा कोड. भावांनी सेगाचा हात धरला, ‘फुटबॉल मॅनेजर’ हे नाव घेतलं, आणि गिऱ्हाईक कोडामागे गेलं.

तर आपले मॅनेजरसाहेब. त्यांची पहिल्या दिवसाची चूक जगातल्या प्रत्येक नव्या मॅनेजरची असते: हातात पैसे आले म्हणून खरेदी. आठ नवे खेळाडू, तीन भाषा, एकमेकांची तोंडओळख नाही. हा खेळ संघाचा एकोपा मोजतो आणि रचना किती अंगवळणी पडली तेही मोजतो. पहिल्या हंगामात दोन-तीनच माणसं घ्यावीत, एकच रचना धरावी आणि मैत्रीचे सामने आपल्यापेक्षा दुबळ्या संघांशी ठेवून पोरांचं मनोबल वाढवावं, हा शहाण्यांचा सल्ला. साहेब मात्र दर पराभवानंतर रचना बदलतात. शनिवारी चार-चार-दोन, मंगळवारी तीन बचावपटू, पुढच्या शनिवारी इंटरनेटवरून उतरवलेली कुणा ब्राझिलियनाची ‘अजिंक्य’ रचना. अंगवळणी पडण्याचा पट्टा दर वेळी खाली घसरतो आणि साहेब म्हणतात, पोरांत दम नाही.

दम खरोखरच नसतो, कारण तो त्यांनीच काढलेला असतो. चेंडू गेला की सगळ्यांनी मिळून झडप घालायची ही जर्मन शाळेची रीत या खेळात फार फळते. पण त्यासाठी पळणारे पाय आणि बाकावर तितकेच ताजे बदली खेळाडू लागतात. आठवड्यात दोन सामने आणि सरावाचा भारही जास्तीत जास्त ठेवला, तर नोव्हेंबरात दवाखाना भरतो. सराव हलका करा, साठाव्या मिनिटाला थकलेल्यांना बाहेर काढा, दोन गोलांनी पुढे असाल तर वेग उतरवा. गोल झाल्यावर वेग उतरवण्याइतका संयम मात्र बुऱ्हाणपुरात काय, मँचेस्टरातही दुर्मीळ आहे.

खरं तर या शहरात मॅनेजरकीचं शिक्षण फुकट मिळतं. मुघलांच्या काळात दख्खनची सुभेदारी इथून चाले, आणि ती खुर्ची आजच्या कुठल्याही फुटबॉल क्लबाच्या खुर्चीइतकीच तापलेली असे. मालक दूर आग्र्याला, अपेक्षा अफाट, समोर निजामशाहीचा मलिक अंबर. शाहजादा दानियाल १६०५ मध्ये इथेच दारूपायी गेला. मग शाहजादा परवेझ आला. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रज वकील सर थॉमस रो त्याला इथे भेटला. त्याने लिहून ठेवलं आहे की नाव आणि थाट शाहजाद्याचा, कारभार सगळा त्याच्या हाताखालच्या सेनापतीचा, खानखानानचा. म्हणजे मुख्य मॅनेजर फलकापुरता, काम सहायकाचं. रोने नजराण्यात बाटल्यांची एक पेटी दिली, शाहजाद्याने ती तातडीने उघडली आणि ठरलेली खासगी भेट त्या रात्री झालीच नाही.

यातून फुटबॉल मॅनेजरला दोन गोष्टी घेता येतात. पहिली, सहायकावर कामं जरूर सोपवावीत. पत्रकार परिषदा तर पहिल्याच दिवशी त्याच्या गळ्यात घालाव्यात. तेच तेच प्रश्न आणि तीच तीच उत्तरं ऐकून माणूस राजकारणात जाईल. पण पगाराचे करार सोपवू नयेत. सहायक चौतीस वर्षांच्या गोलरक्षकाला चार वर्षांचा करार देऊन येतो आणि वर हसतो. दुसरी गोष्ट बक्षिसांची. एका सामन्यात चमकलेल्या पोराचं लगेच तोंडभर कौतुक केलं की तो हुरळतो, किंवा आठवड्याभरात त्याचा एजंट पगारवाढ मागायला येतो. सलग चार-पाच सामने चांगले गेले की मग पाठ थोपटावी.

आता खेळाडू पारखण्याचं. खेळाडूचा प्रत्येक गुण इथे १ ते २० मध्ये मोजलेला असतो आणि त्याची कुवत ताऱ्यांत दिसते. हे तारे आकाशातले नव्हेत. ते तुमच्याच प्रशिक्षकाचं मत असतात, तेही तुमच्या आजच्या संघाच्या तुलनेत. दुबळ्या संघात चार तारे मिळवणारा पोरगा संघ सुधारला की दोनवर येतो, आणि साहेबांना वाटतं पोरगा बिघडला. शिवाय सातत्य, मोठ्या सामन्यातली छाती, दुखापतीचा कल असे काही गुण पडद्यावर दिसतच नाहीत. त्यासाठी स्काउटचा अहवाल नीट वाचावा लागतो. स्काउट निवडतानाही त्याची स्वतःची पारख किती आकड्यांची आहे ते पाहावं; नाही तर आंधळ्याने दुसऱ्याला वाट दाखवल्यासारखं होतं.

पारख चुकण्याची दोन उदाहरणं या खेळाच्या भक्तांना तोंडपाठ आहेत. चेर्नो सांबा हा मिलवॉलच्या युवा संघातला पोरगा २००१-०२ च्या आवृत्तीत असा काही पिकला, की ज्याने त्याला घेतला त्याचं भलं झालं. खऱ्या सांबाला मिलवॉलच्या पहिल्या संघातून एकही सामना मिळाला नाही. क्लबामागून क्लब बदलत त्याने लवकरच बूट काढून ठेवले. दुसरा टो माडेरा. पोर्तुगालच्या खालच्या विभागातला हा गोलांचा कारखाना पुष्कळांनी विकत घेतला. मग कळलं, की असा खेळाडू अस्तित्वातच नव्हता. तिथली माहिती गोळा करणाऱ्या संशोधकाने त्या नावाखाली स्वतःलाच यादीत घुसवलं होतं, आणि गुण देताना हात आखडता घेतला नव्हता. मतदारयादीत आपलं नाव शोधताना दमणाऱ्या माणसाला त्याचं कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

खरी पारख पाहायची तर मलिक अंबरकडे पाहावं. हबसाणात जन्मलेला हा मुलगा बाजाराबाजारांतून विकला जात दख्खनला आला, तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. धनी मेल्यावर तो स्वतंत्र झाला आणि पुढे त्याच निजामशाहीचा सर्वेसर्वा बनला. १६२० च्या सुमारास त्याच्या फौजा बुऱ्हाणपूरच्या वेशीशी येऊन बसल्या होत्या. फुटबॉलच्या भाषेत, तरुणपणी स्वस्तात आलेला आणि करार संपल्यावर फुकट सुटलेला खेळाडू. असे खेळाडू इथेही रांगेने मिळतात: करार सहा महिन्यांत संपणार असेल, तर परदेशी क्लबातल्या खेळाडूशी थेट बोलणी करता येतात आणि हस्तांतराचा एक पैसा पडत नाही. विकताना मात्र पुढच्या विक्रीतला हिस्सा लिहून घ्यावा. सुताच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला हे शिकवावं लागू नये. तरी साहेब घाईत ती ओळ विसरतात.

आणि जानेवारीची खिडकी! युरोपात हंगामाच्या मध्यावर खरेदी-विक्रीला एक महिना मिळतो. बुऱ्हाणपूरला जानेवारीची सवय जुनी आहे. उत्तरेला वीसेक किलोमीटरवर असीरगड उभा आहे. अकबराच्या फौजा त्याच्यापुढे महिनोन्‌महिने बसून राहिल्या. शेवटी गड हातात आला तो १६०१ च्या जानेवारीत. बहादुरशाह फारुकीला बोलणीसाठी खाली बोलावून अडकवलं, आणि आतल्या माणसांना सोनं चारलं असं इतिहासकार सांगतात. तोफांनी जे झालं नाही ते कराराच्या मेजावर झालं. पुढे १६८१ च्या जानेवारीच्या अखेरीस, म्हणजे खिडकी बंद होता होता, संभाजीराजांची फौज इथे आली. तिने तटबंदीवर डोकं आपटलं नाही. तटाबाहेरचा श्रीमंत बहादूरपुरा गाठला, तीन दिवस लुटला आणि मुघलांची कुमक पोचण्याआधी निघून गेली. स्वतःच्या गोलासमोर दहा माणसांची भिंत उभी करणाऱ्या संघाविरुद्ध हाच उपाय आहे: मधून ढकलत बसू नये, बाजू रुंद कराव्यात, कॉर्नर आणि फ्री किक यांचा सराव आठवड्यातून एकदा तरी लावावा. असे सामने बरेचदा कॉर्नरवरच सुटतात, आणि साहेबांनी तो सरावाचा कागद अजून उघडलेला नाही.

खानखानान मात्र वेगळ्या जातीचा मॅनेजर. त्याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणण्याची योजना झाली. तोच कुंडी भंडारा. पंप नाही, फक्त उतार. वर शंभराहून अधिक कुंड्या. चारशे वर्षं झाली, पाणी अजून वाहतं. फुटबॉल मॅनेजरमध्ये युवा अकादमी हे असंच काम आहे. वर्षातून एकदा पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांची नवी तुकडी येते. त्यांचा दर्जा अकादमीच्या सोयी, भरतीची व्यवस्था आणि युवा विभागाच्या प्रमुखाचा स्वभाव यांवर ठरतो. आज घातलेला पैसा पाच-सहा हंगामांनी दिसतो. तोवर संचालक मंडळ टिकू देईल का, हा प्रश्न वेगळा. परवेझला जमलं नाही, खानखानानलाही एकदोनदा परत बोलावलं गेलंच.

देशप्रेमाने साहेबांनी एकदा कोल्हापूरचा अनिकेत जाधव शोधला, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला. त्याला प्रेस्टनला आणायचं ठरलं. इंग्लंडचा कामाचा परवाना आडवा आला. तिथे राष्ट्रीय संघाचं जागतिक स्थान आणि लीगचा दर्जा यांचे गुण मोजतात. मग भारतातलाच क्लब घेतला. पगाराचं बजेट पाहून सुताचा धंदा बरा वाटला. पण एक सुख होतं: संगणकातला हंगाम वेळेवर सुरू झाला. बाहेर खऱ्या इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम हक्कांच्या करारात अडकून महिनोन्‌महिने लांबला होता.

बढती हवी तर आणखी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात करावी: क्लबाच्या खर्चाने प्रशिक्षकाच्या परवान्याचा अभ्यासक्रम मागावा. हे संगणकातलं नाटक नव्हे. २०२२ मध्ये विल स्टिल हा तिशीतला, याच खेळावर वाढलेला माणूस फ्रान्सच्या रॅंसचा प्रशिक्षक झाला. पहिले सतरा लीग सामने तो हरला नाही. मात्र वरच्या दर्जाचा परवाना नसल्याने क्लबाला दर सामन्यामागे २५,००० युरो दंड भरावा लागत होता. साहेबांच्या आईला ही बातमी वाचून दाखवली तेव्हा तिने विचारलं, ‘त्याला तरी पगार मिळत होता ना?’

हरल्यावर जुनी फाइल उघडून सामना पुन्हा खेळणं हा या पंथातला मोठा गुन्हा मानतात. साहेबांनी तो कधीच केलेला नाही. त्यांच्याकडे लाइट जाते. तीही नेमकी शून्य-तीन असताना.

२०२५ ची आवृत्ती कंपनीने फेब्रुवारीत रद्दच केली. नोव्हेंबरात आलेल्या पुढच्या आवृत्तीत महिलांच्या लीग पहिल्यांदा आल्या, तेव्हापासून धाकटी बहीणही मॅनेजर आहे. तिने पहिल्या हंगामात दोनच खेळाडू घेतल्या, एक रचना धरली, कॉर्नरचा कागद उघडला आणि तिसऱ्या क्रमांकावर आली. साहेब चौदावे. आता साडेदहानंतर लॅपटॉप तिचा, आणि डावीकडे कोण मोकळं आहे ते दादाने सांगायचं नाही, ही तिची अट.